पोर्टवाले तात्या

आमच्या शेजारच्या तात्यांनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. सुपारीसुद्धा खात नाहीत. आणि त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटात दारूवरची चौतीस पुस्तकं आहेत. सगळी इंग्रजी, सगळी जुनी आणि सगळी एकाच दारूवरची. पोर्ट नावाच्या. पोर्तुगालात एका नदीकाठी द्राक्षं पिकतात, ती पायांनी तुडवतात, रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओततात म्हणजे गोडी टिकते, आणि साल चांगलं निघालं तर ती बाटलीत भरून वीस-तीस वर्षं अंधारात आडवी ठेवून देतात. हे मला कसं माहीत, असं कुणी विचारेल. मी जळोचीत राहायला येऊन सहा वर्षं झाली. तात्यांच्या शेजारी सहा वर्षं राहून ज्याला हे माहीत नसेल, तो ठार बहिरा असला पाहिजे.

मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. राहायला आलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि हातात कागद असलेले एक गृहस्थ थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"इंग्रजीचं सर तुमीच का?"

"हो."

"मग सांगा, क्रस्ट म्हंजे काय? डिक्शनरीत भाकरीचा पापुद्रा दिलाय. दारूत भाकरी कुठनं आली?"

मी कपाटाचं एक टोक धरून उभा होतो, दुसऱ्या टोकाला हमाल होता. दोघांनी कपाट खाली ठेवलं. मलाही ठाऊक नव्हतं. फोनवर शोधलं. जुन्या पोर्टच्या बाटलीत तळाशी जो घट्ट गाळ बसतो, त्याला म्हणे क्रस्ट म्हणतात.

"म्हंजे साका," तात्या म्हणाले. "मग साका लिव्हायचं की सरळ." आणि कागदावर शब्द लिहून घेऊन निघून गेले. कपाट उचलायला हात लावतील असं हमालाला उगाच वाटलं होतं.

त्या दिवसापासून मी तात्यांची चालतीबोलती डिक्शनरी झालो. एकदा भल्या सकाळी आले. पुस्तकात कुणा साहेबानं मुलाच्या जन्माला एक पाईप दारू तळघरात ठेवल्याचं लिहिलं होतं. "पाईप म्हंजे किती इंची? दोन का अडीच?" शोधाशोध केल्यावर निघालं की तिथे लांबट लाकडी पिंपाला पाईप म्हणतात, आणि आपला पीप हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. हे सांगून मी चूक केली. पुढचे आठ दिवस तात्या भेटेल त्याला सांगत होते, "पीप त्येंचं, घमेलं त्येंचं, चावी त्येंची, बटाटा त्येंचा. आन् लोक मला इचारत्यात, तात्या, तुमचा पोर्तुगालशी संबंध काय?"

तात्या भवानीनगरला साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन लिहायचं, रिकामी होऊन आली की पुन्हा लिहायचं. उभी नोकरी त्यात गेली. त्यातून त्यांना एक सवय लागली ती कायमची. कुठलीही गोष्ट दोनदा बघायची. दाराला कुलूप लावून निघाले की फाटकापाशी जाऊन परत येतात आणि कुलूप ओढून बघतात. मी सांगितलेला शब्दार्थ ते कॉलेजातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे जाऊन तपासून घेतात, हे मला फार उशिरा कळलं. रागावलो तर म्हणाले, "एकदा बगितलेलं खरं नसतं, सर. दुसऱ्यांदा बगितलं की निम्मं खरं."

पुस्तकं मिळवायची त्यांची पद्धत म्हणजे पायपीट. महिन्यातून एकदा एस.टी.नं पुण्याला जायचं, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांपुढे उकिडवं बसायचं आणि प्रत्येक ढीग तळापासून उपसायचा. दौंडपासून फलटणपर्यंतच्या रद्दीवाल्यांकडे त्यांचा नंबर दिलेला आहे. इंग्रजी पुस्तकावर बाटलीचं चित्र दिसलं की रद्दीवाला फोन करतो. अशा फोनवरून तात्या एकदा लोणंदला गेले आणि तान्ह्या बाळांना बाटलीनं दूध कसं पाजावं याचं पुस्तक घेऊन आले. ते त्यांनी माझ्या बायकोला दिलं. आमची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती.

मुलगी झाली त्याच आठवड्यात तात्यांनी आमच्या धान्याच्या कोठीत काकवीची एक बाटली आडवी ठेवली होती. विलायतेत लेकराच्या जन्माला पोर्ट ठेवतात आणि एकविसाव्या वर्षी उघडतात. आपल्यात दारू चालत नाही, म्हणून काकवी. "कुणी हलवू नका," असं बजावून गेले. बूच सैल होतं. एकविसाव्या दिवशी मुंग्यांनी उघडली.

पोर्टची बाटली जेवणाच्या टेबलावर नेहमी डावीकडे सरकवायची असते, असा तिकडचा रिवाज आहे म्हणे. गावच्या सप्त्यात तात्या पंगतीची देखरेख करायचे. एका वर्षी त्यांनी आमटीच्या बादल्या सगळ्या डावीकडून फिरवायला लावल्या. भाताची वाढपी माणसं सवयीनं उजवीकडून निघाली होती. मधोमध दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि पुढच्या चाळीस माणसांना भातावर आमटी मिळाली नाही. पुढच्या वर्षी तात्यांना चपला सांभाळायचं काम दिलं.

गावात कुजबुज असायचीच. इतकी पुस्तकं दारूवरची, म्हणजे माणूस आतून पीत असणार. भजनी मंडळातले एक सज्जन व्यसनमुक्तीचं पत्रक घेऊन घरी आले होते. तात्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि एका पुस्तकातली दोन पानं इंग्रजीतून वाचून दाखवली. ते सज्जन पुन्हा आले नाहीत.

तात्यांच्या बायकोला, मालनकाकूंना, या सगळ्याचं काही नव्हतं. त्या कपाटाला गुत्ता म्हणायच्या. "गुत्ता झाडून घेतलाय, दार उघडं हाय," असं अंगणातून सांगायच्या. बाई कमी बोलायच्या. तात्या बोलायचे ते पुस्तकांशी आणि माझ्याशी. एका घरात दोघं, लेक साताऱ्याला दिलेली, आणि दिवसभरात एकमेकांशी दहा शब्द. मला वाटायचं, चाळीस वर्षांच्या संसाराचं असंच होत असेल.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकू आमच्याकडे तिळाच्या वड्या घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "येत्या एकादशीला नरसिंहपूरला जाऊन माळ घालणार हाय गळ्यात. माहेरची समदी येणार हायती. तुमीबी या." तुळशीची माळ घालायची म्हणजे मांसमच्छी, दारू यांना कधी शिवणार नाही अशी देवापुढे शपथ घ्यायची. काकूंना त्यात सोडण्यासारखं काहीच नव्हतं. माझी बायको म्हणाली, "काकू, तुमच्या गळ्यात ती आहेच की, दिसत नाही एवढंच."

पण तात्या त्या दिवसापासून गप्प झाले. चार दिवस शब्दार्थ विचारायला आले नाहीत. पाचव्या दिवशी, शनिवारी, फाटकाशी आले आणि आत न येताच म्हणाले, "सर, उद्या इंदापूरला जायाचं. तुमच्या गाडीवर."

"पस्तिसावं सापडलं वाटतं?"

"पस्तिसावं न्हाय. पयलं."

एवढं सांगून निघाले, आणि परत येऊन फाटकाची कडी ओढून बघितली. सकाळी माझ्या मोटारसायकलवरून निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. भवानीनगरला कारखान्याच्या फाटकासमोर तात्यांनी मागे बसल्या बसल्या काट्याच्या दिशेनं हात जोडले, ते मला आरशात दिसलं. निमगावच्या पानमळ्यांपाशी चहाला थांबू म्हटलं तर म्हणाले, "येताना."

इंदापुरात एका बोळातल्या जुन्या दवाखान्यासमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली. पाटी काढलेली होती. तिथले डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांची मुलगी घर रिकामं करायला पुण्याहून आली होती. बाई पन्नाशीच्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. तात्यांनी पुस्तकांचं विचारलं.

"बाबांची इंग्रजी पुस्तकं ना? ती परवाच रद्दीत दिली हो. तुम्ही दोन दिवस आधी आला असता तर हवी तेवढी दिली असती."

तात्या पायरीवर बसले. मला वाटलं त्यांना घेरी आली. बाईंनी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही. "कंच्या रद्दीवाल्याला?" एवढंच विचारलं.

रद्दीचं दुकान एस.टी. स्टँडच्या मागे होतं. पोती शिवून भिंतीला लावलेली, आणि टेम्पो चार वाजता येणार. दुकानदार म्हणाला, "दाक्तरांची का? ती ह्यातच हायती. पर आता शिवल्यात, उघडायची न्हाईत. मी कुटं पुन्हा शिवत बसू?"

मी विनवण्या करायला लागलो. तात्या माझ्याकडे बघतही नव्हते. ते दुकानाच्या काट्याकडे बघत होते. जुना दांडीचा, जमिनीवरचा काटा. त्यांनी त्यावर हात दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"मालक, तुमचा काटा जादा दावतोय."

"काय?"

"चाळीस किलोला पाव किलो जादा. घेताना तुमचंच नुकसान हाय. पासंग कवा बगितला हुता?"

दुकानदारानं आधी तात्यांकडे पाहिलं, मग काट्याकडे. तात्या तोवर खाली बसले होते. टोपी काढून बाजूला ठेवली, दांडीच्या टोकाचा स्क्रू बोटांनी फिरवला, फुंकर मारून धूळ उडवली, वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. अर्धा तास तात्या डॉक्टरांचं पुस्तक, टेम्पो, सगळं विसरून काट्यात बुडाले होते. शेवटी दांडी मधोमध येऊन थांबली तेव्हा दुकानदार स्वतःच विळा घेऊन उठला आणि त्यानं पहिल्या पोत्याची शिवण उसवली.

चौथ्या पोत्यात सापडलं. पातळ, तांबड्या कापडी बांधणीचं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. तात्यांनी ते उघडलं नाही. दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. श्वास सोडला तो मला ऐकू आला.

येताना निमगावला चहाला थांबलो. तिथे त्यांनी सगळं सांगितलं.

लेक झाली तेव्हा मालनकाकू एकवीस वर्षांच्या होत्या. बाळंतपणानंतर उठेनात. जेवण जाईना, झोप येईना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बारामतीचे दोन वैद्य झाले. शेवटी कुणीतरी इंदापूरच्या या डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी दोन चमचे पोर्ट वाईन द्या. त्या काळी बाळंतिणीला ती सर्रास द्यायचे. पण तात्यांच्या घरी आई माळकरी. तिनं दारूचं नाव ऐकलं असतं तर घर सोडलं असतं. डॉक्टरांनी ती औषधाच्या बाटलीत ओतून दिली, वर डोसाची कागदी पट्टी चिकटवली. तात्यांनी आईला सांगितलं टॉनिक, बायकोला सांगितलं टॉनिक.

"आन् माझीच झोप उडाली, सर. न सांगता बायकूला दारू पाजतोय. काय झालं तिला तर? दाक्तरांना दर आयतवारी जाऊन इचारायचो, ह्ये नक्की चांगलं हाय का? एक दिस कटाळून त्यांनी ह्ये पुस्तक दिलं. म्हणाले, वाचा आन् पटलं तरच द्या."

"वाचलंत?"

"डिक्शनरी घिऊन. चौऱ्याऐंशी पानावर लिव्हलं हुतं, अशक्त माणसाला चांगली म्हणून. ती सुधारली. मी पुस्तक परत दिलं. पर सर, एका पुस्तकात लिव्हलं म्हणून खरं कसं मानायचं? मग दुसरं बगितलं. मग तिसरं."

 कपाटातली चौतीस पुस्तकं म्हणजे दोन चमचे औषधाची फेरतपासणी होती. बायको बरी होऊन चाळीस वर्षं झाली तरी चाललेली.

"आता ती देवापुढं शपथ घेणार. आजवर दारूला शिवले न्हाय, पुढंबी शिवणार न्हाय म्हणणार. त्ये खोटं ठरंल, आन् माझ्यापायी. म्हणून दाक्तरांच्या हातचं पायजे हुतं. पुस्तक परत देताना मी त्यांना म्हणलं हुतं, ह्या पानावर सही करून ठेवा, ह्ये औषध हाय असं लिवून ठेवा. ठेवतो म्हणाले. बगा तुमी. "

मी चौऱ्याऐंशीवं पान काढलं. एका परिच्छेदाला कडेनं पेन्सिलीची रेघ होती. खाली बारीक, सुबक मराठी अक्षरात दोन ओळी.

"काय लिव्हलंय?"

मी वाचलं. "बाई सुधारत आहेत. नवऱ्याची प्रकृती चिंताजनक."

तात्यांनी कप खाली ठेवला. "औषध हाय, असं न्हाय लिव्हलं?"

"नाही."

"सही?"

"सहीपण नाही."

मी हसू दाबत होतो. त्यांनी ते पाहिलं. "हसा," म्हणाले. "दाक्तरबी असंच करायचे. तोंड गंभीर आन् खांदं हलायचं." आणि मग त्यांचेही खांदे थोडे हलले.  भवानीनगर ओलांडल्यावर मागून आवाज आला, "सर, तिला तुमी सांगा. तुमी मास्तर हाय. मला जमायचं न्हाय."

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू ओट्यावरच्या बाजेवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. तात्या खांबाला टेकून उभे राहिले, पुस्तक पाठीमागे धरून, वर्गाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यासारखे. मी घसा साफ केला.

"काकू, व्यसन वेगळं आणि औषध वेगळं. एखाद्या पदार्थाचं प्रमाण जर..."

"कुणाला लागलंय व्यसन?"

"कुणाला नाही. म्हणजे समजा, फार पूर्वी, एखाद्याला त्याच्या नकळत..."

काकूंनी सूप मांडीवर ठेवलं. "त्या टानिकचं म्हणताय का?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या जमिनीकडे बघत होते.

"ती दारू हुती, ठावं हाय मला," काकू म्हणाल्या. "पयल्याच दिशी कळलं. वास येत न्हाय व्हय माणसाला? आत्याबाईंनाबी कळलं हुतं."

"आईला?" तात्यांच्या तोंडून निघालं.

"त्याच म्हणाल्या, गप पी. त्येला काय बोलू नगंस, आदीच अर्धा झालाय त्यो. आन् माळंचं म्हणाल तर मागल्या म्हैन्यात नरसिंहपूरच्या महाराजांना इचारून आले मी. ते म्हणाले, औषधाला दोष न्हाय. घाला माळ."

तात्या हळूहळू खाली बसले. ओट्याच्या कडेवर, चपला पायातच. टोपी काढली, तोंडावरून फिरवली. चाळीस वर्षं पाठीवर असलेलं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे खाली आले. म्हणाले, "मग बोलली का न्हाईस इतकी वर्सं?"

काकूंनी तांदळातला एक खडा वेचला, अंगणात टाकला.

"बोलले असते तर तुमी बसला असता का?"

तात्यांना कळलं नाही. मलाही नाही. काकू माझ्याकडे बघून सांगायला लागल्या, जणू तात्या तिथे नव्हतेच. "कारखान्यावरनं सायकलवर यायचे. हातपाय धुतले की बाटली घ्यायचे. दोन चमचे पाजायचे आन् मग तितंच बसून ऱ्हायाचे, बाजंवर. मला काय हुतंय का बगायला. मनगट धरून. अर्धा अर्धा तास. भ्या वाटू नये म्हणून बोलत बसायचे. काट्यावर कोण आलं, कुणाची गाडी उलटली, कुणाच्या बैलाचं काय झालं. त्येच्याआदी असं कदी बसले न्हाईत, आन् त्येच्यानंतरबी न्हाईत." त्यांनी आणखी एक खडा वेचला. "बाटल्या अडीच म्हैने चालल्या. खरं तर बरी मी म्हैन्यातच झाले हुते."

 मी उठायला हवं होतं, पण उठलो असतो तर आवाज झाला असता.

तात्यांनी पुस्तक ओट्यावर ठेवलं. चार पोती उसवून काढलेलं पुस्तक, पालथंच. चपला काढल्या. मग बायकोकडे न बघता, फार जड गोष्ट उचलल्यासारखं विचारलं, "आन् आता? आता कसं वाटतंय?"

काकूंनी सूप उचलून पलीकडे ठेवलं, बाजेवर जागा केली.

"जरा अशक्तपणा हाय," त्या म्हणाल्या.